आग्नेयेतली चूल

अमेरिकेत, पिस्कॅटवेत आमच्या शेजारी एक युक्रेनियन बाई राहते, माझ्यासारखीच सत्तरीतली. तिचं गाव महिनोन्महिने रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. सैन्य गेल्यावर गावात छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. तिचा धाकटा भाऊ मात्र हटून बसला होता. हिवाळ्याआधी वडिलांच्या जागेवर घर बांधायचं आणि तिथंच राहायचं. नकाशा काढणारं गावात कुणी उरलं नव्हतं. मी निवृत्त इंजिनिअर, हात शिवशिवतच होते. तिनं मागितला नसता तरी मी काढून दिला असता.

तिनं जोत्याची मापं आणि एक फोटो दिला. फोटोत ढिगाऱ्याच्या मधोमध विटांची भलीमोठी चूल उभी होती, धुराड्यासकट. भिंती गेल्या होत्या, ती राहिली होती. मी ती पाहिली आणि ढिगाऱ्यातच जमा धरली.

आठवड्याभरात नकाशा तयार झाला. स्वयंपाकघर आग्नेयेला. वास्तुशास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही. पण शेजारच्या एडिसन गावापासून इथपर्यंत मराठी लोकांची किचन्स इतकी वर्षं आग्नेयेला काढून दिलीत की पेन्सिल आपोआप तिकडेच वळते.

"अहो, चूल कुठे हवी ते त्यांच्याशी कन्फर्म केलंत का?" बायकोनं विचारलं.

"ड्रॉइंग्ज मी करतो की तू?" मी म्हणालो. असा मी.

पानगळ सुरू झाली तेव्हा बाई फोनवर घराचे फोटो घेऊन आली. भिंती, पत्रे, खिडक्या, सगळं माझ्या नकाशाबरहुकूम. माझी छाती फुगली. बायकोनं विचारलं, "आणि ती जुनी चूल?"

बाई तिच्या तुटक्या इंग्रजीत सांगू लागली. चूल वडिलांनी बांधली होती. ती मधोमध असायची, म्हणजे सगळ्या खोल्यांना ऊब मिळायची. थंडीत ती भावंडं तिच्या माथ्यावरच्या रुंद, ऊबदार ओट्यावरच झोपायची. नकाशात ती नव्हती म्हणून भावानं दोन दिवस घण घालून ती फोडली. अमेरिकेतल्या इंजिनिअरनं काही विचार करूनच काढून टाकली असेल, असं तिनंच त्याला समजावलं होतं.

"नवीन बांधता येईल," मी म्हणालो.

ती म्हणाली, तशी चूल बांधणारा वडिलांनंतर गावात एकच होता. सैनिकांनी त्याला नेलं, तो परत आला नाही.

मग मी इलेक्ट्रिक हीटर पाठवायचं बोललो. तिनं फोनवर गावच्या रस्त्याचा फोटो दाखवला. तिकडे विजेचे खांबसुद्धा अजून आडवेच आहेत.

बर्फ पडायला लागल्यावर भाऊ नव्या घराला कुलूप लावून शहरातल्या निर्वासितांच्या छावणीत परत गेला. इतकी थंडी त्याला सोसवेना. बाई रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. सैन्याला जी पाडता आली नाही ती चूल मी इथं टेबलापाशी बसून पाडली, आणि बाई अजूनही कुंपणापलीकडून मला थँक यू म्हणते.