सुई न टोचलेला दिवस

माझ्या मेंदूतली गाठ काढली, जीव वाचला, पण डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. सगळं दोन-दोन दिसू लागलं. परळच्या हॉस्पिटलातले सर्जन म्हणाले, "नस दुखावली आहे, वेळ द्या." किती वेळ, ते सांगेनात. मला वाटलं, काहीतरी लपवताहेत. रोज दत्तगुरूंपुढे बसायचे, पण मनात नामापेक्षा संशयच जास्त फिरायचा.

तपासणीला गेले असताना तिथल्या बाकावर खोताच्या वाडीतल्या सेलिनबाई भेटल्या. त्यांच्या नवऱ्याला अशाच ऑपरेशननंतर ॲक्युपंक्चरने बरं वाटलं होतं. "दादरला डॉक्टर आहेत. इथली औषधं सोडायची नाय, हे नुसतं जोडीला. मी येते ना तुमच्यासोबत," म्हणाल्या. ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्यासाठी दादरपर्यंत येणार? हिचं कमिशन असणार, असं मी घरी यजमानांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "मग जाऊ नकोस." तरी गेले. दुसरं काही सुचत नव्हतं.

दादरच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट सावकाश वाचले. मग विचारलं, "डोकं दुखतं?"

"सकाळी फार दुखतं. हल्ली उलट्याही होतात. या दोन-दोन दिसण्यानेच होत असेल."

त्यांनी सुयांचा ट्रे बाजूला सरकवला. "आज सुई नाही. आधी परळला जा. आत्ताच."

केस जमणारी नाही म्हणून हा माणूस मला कटवतोय, हेच माझ्या मनात आलं. सेलिनबाईंनी मात्र टॅक्सी थांबवलीही होती. वाटेत त्या जपमाळ ओढत होत्या. त्यांचा दुसरा हात घट्ट धरून मी कधी नाम घेऊ लागले, कळलंच नाही.

परळला स्कॅन केला, तर डोक्यात पाणी साठत होतं; डोकेदुखी, उलट्या त्यामुळेच. त्याच संध्याकाळी पुन्हा ऑपरेशन झालं. "उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं," सर्जन यजमानांना म्हणाले.

पुढे सर्जनना विचारूनच दादरच्या सुया सुरू केल्या. डोळा हळूहळू वळू लागला. सर्जन म्हणतात, नस आपसूकही भरून येते. दादरचे डॉक्टरही सगळं श्रेय घेत नाहीत. मी वाद घालत नाही.

एकदा सेलिनबाईंना विचारलं, "तुम्ही कशासाठी आलात हो माझ्याबरोबर?"

"तुम्ही एकट्याच बसलेल्या ना."

एवढंच. आणि मी कारण शोधत बसले होते. दत्तगुरूंनी कुणाला पाठवायचं, हे ठरवणारी मी कोण? अगदी डावीकडे पाहिलं की अजून दोन-दोन दिसतं. तेवढं त्यांच्यावर सोडलंय.