जपानी शहर आणि आमचा तलाव

आमच्या विज्ञानाच्या सरांचा मला अजून राग येतो. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार आहे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आमचं गाव सिहोऱ्याच्या बाजूचं, धानाचं. मी सातवीत होते. सर गावचेच. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि तलावाखाली त्यांची शेतीही होती. त्यांच्या मेहुण्याचं तुमसरला व्हिडिओचं दुकान होतं. त्याच्याकडे कुठून तरी एका जपानी कार्टून मालिकेच्या कॅसेटी येऊन पडल्या होत्या. गिऱ्हाईक त्यांना हात लावत नव्हतं, कारण त्यात ना गाणी ना ओळखीचा हिरो, आणि भाषा तर कोणाच्या बापाला कळत नव्हती. सरांनी त्या गावात आणल्या. रविवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत खिडक्यांना पोती लावून अंधार केला जाई, टीव्ही आणि व्हीसीआर मांडला जाई आणि अर्धं गाव येऊन बसे.

सर हातात छडी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि गोष्ट सांगायचे. त्यांना जपानी आमच्याइतकंच येत होतं, म्हणजे शून्य. पण ते असे सांगायचे की जणू पडद्यावरची माणसं त्यांच्याच घरी जेवून गेली आहेत. काचेचे उंच मनोरे, रुळांशिवाय धावणाऱ्या गाड्या, आणि मोठ्या डोळ्यांची पोरं. ती पोरं नुसते डोळे मिटायची आणि समोरचा दगड हवेत उचलला जायचा.

"हे विज्ञानाचं शहर आहे," सर सांगायचे. "इथे भूक नाही, जात नाही, भांडण नाही. पाणी कधी कोणाला द्यायचं यावर इथे कोणी डोकी फोडत नाही. ज्या मुलांच्या मनात शक्ती आहे ती मुलं सांगतात, आणि सगळे ऐकतात."

"अन् सर, तिथं रोवना कोन करते?" मागून एका म्हातारीने विचारलं. सगळे हसले. धान लावायला तिथे मशीन आहे, असं सर म्हणाले. म्हातारीला ते फार आवडलं. तिची कंबर आयुष्यभर चिखलात वाकली होती.

मलाही आवडलं होतं. मी त्या शहराची चित्रं वहीच्या मागच्या पानांवर काढायची. आठ कॅसेटी झाल्या. नवव्या रविवारी सरांनी सांगितलं की शेवटची कॅसेट खराब निघाली, तिची पट्टी अडकते. पण शेवट त्यांना माहीत होता. त्या पोरांनी सगळं जग आपल्या शहरासारखं केलं, म्हणे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच महिन्यात सरांनी वर्गात प्रयोग सुरू केला. पुठ्ठ्याचे पाच तुकडे, त्यांवर शाईने काढलेलं गोल, चौकोन, चांदणी, अधिकचं चिन्ह आणि पाण्यासारख्या तीन नागमोडी रेघा. सर एक पत्ता उचलून स्वतः बघायचे. समोरच्याने डोळे मिटून तो कोणता ते सांगायचं. सगळा वर्ग नापास झाला. माझी पाळी आली तेव्हा सर एकामागून एक म्हणत गेले, "बरोबर. बरोबर. पुन्हा बरोबर." गणितात कायम काठावर पास होणारी मी, मला कोणी आयुष्यात इतक्या वेळा बरोबर म्हटलं नव्हतं. मी घरी पळत गेले.

आमच्या गावात एक भगत होता. त्याच्या अंगात यायचं. सर त्याची भर वर्गात टर उडवायचे. मी भीत भीत विचारलं, "सर, मग माझं आणि त्याचं सारखंच का?" सर रागावले नाहीत. म्हणाले, "त्याच्या अंगात येते ती अंधश्रद्धा. तुझ्या मनात येतं ते विज्ञान." हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

बाबांना माझं कोण कौतुक! चौथी शिकलेला माणूस, पण चावडीवर बसून सांगायचे, "सर म्हनते, माह्या पोट्टीचं डोकं त्या जपानी पोट्ट्यायसारखं हाय." लोक हसायचे, बाबाही हसायचे, पण पाय जमिनीवर नसायचे.

आता तलावाचं सांगायला हवं. आमच्याकडे कोणी हलका धान लावायचं, कोणी भारी. हलका दसऱ्याच्या आसपास कापणीला येतो. भारी दिवाळीनंतर, त्यामुळे त्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. बाबांच्या सगळ्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांत, भारी धान. सरांचा धान हलका. पाऊस मधेच थांबला की तलावाची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायची यावर गाव दोन बाजूंना होई. त्यावर जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. तलावाखाली ज्याची ज्याची बांधी आहे त्या प्रत्येकाने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, यायचं आणि स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. एक जण जरी नाही म्हणाला तरी मोरी बंद. मग तो कितीही लहान शेतकरी असो, त्याच्यावर कोणी जबरदस्ती करायची नाही.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस रुसला. तलाव अर्ध्यावर आला. हलकावाल्यांचा धान दाण्यावर होता, त्यांना पाणी आत्ता हवं होतं. आत्ता सोडलं तर भारी धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या वेळी तलावात चिखल उरणार, हे कोणालाही दिसत होतं. मधे एक पाऊस पडला तरच दोघांचं भागणार होतं.

सकाळी सगळे पाळीवर जमले. सरांनी मला शाळेतून बोलावून घेतलं होतं. मी बाबांचं बोट धरून उभी होते. भारीवाले चार जण कुरकुरत का होईना हो म्हणाले. उरले बाबा. तेव्हा सरांनी खिशातून ते पत्ते काढले. "आपण विज्ञानालाच विचारू," ते म्हणाले. "रेघांचा पत्ता म्हणजे पाऊस." त्यांनी एक पत्ता उचलला, बघितला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी डोळे मिटले. आत अंधार होता, बाकी काही नव्हतं. डोळे किलकिले केले तर सर मान किंचित पुढे काढून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "रेघा."

"बरोबर!" सर म्हणाले, आणि पत्ता गठ्ठ्यात घातला.

बाबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माही पोरगी म्हनते पानी येते, तं येते. उघडा मोरी."

पाऊस आला नाही. हस्त गेला, चित्रा गेली. सरांचा धान पिवळाधमक झाला, कापला, घरी गेला. आमच्या बांध्यांना भेगा पडल्या. लोंब्या उभ्याच्या उभ्या पांढऱ्या पडल्या, हातात घेतल्या तर नुसता पोचा, आत दाणाच नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "प्रयोग कधी कधी चुकतो." बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटलं माझी शक्तीच आटली. मी रोज आंघोळीनंतर डोळे मिटून बसायची, ती परत यावी म्हणून.

दिवाळीनंतर बाबा बैलाचं औषध आणायला तुमसरला निघाले आणि मला सोबत घेतलं. जनावरांच्या दवाखान्यात गर्दी होती. समोरच सरांच्या मेहुण्याचं दुकान होतं, तिथे मला बसवून बाबा रांगेत गेले. मी मेहुण्याला विचारलं, "त्या जपानी कार्टूनची शेवटची कॅसेट दुरुस्त झाली का?"

"दुरुस्त? ते खराब कधी होती?" तो म्हणाला. "मास्तरनं इथंच बसून दोन खेपा पाह्यली. लावू?"

त्याने लावली. सांगायला कोणी नव्हतं, आणि गरजही नव्हती. त्या चमकत्या शहराखाली एक तळघर होतं. तळघरात काचेच्या नळ्यांमध्ये पोरं निजवलेली होती, डोक्यांना वायरी लावलेली. एक पोर विझलं की वरचा एक मनोरा उजळायचा. पांढऱ्या कोटातला जो माणूस सरांनी आम्हाला सगळ्यांचा गुरुजी म्हणून दाखवला होता, तोच बटणं दाबत होता. पोरं जागी झाली आणि त्यांनी ते शहर पाडलं. हे सगळं सरांनी दोनदा पाहिलं होतं, आणि येऊन आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

मग मला पत्ते आठवले. त्यातला एकही पत्ता मी कधी उलटा करून पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. माझी सगळी शक्ती म्हणजे सरांच्या तोंडचा एक शब्द होता. ज्या माणसाने मला मी कोणीतरी आहे असं पहिल्यांदा वाटायला लावलं, त्याने माझ्याच तोंडून माझ्या बापाचं पाणी काढून नेलं होतं.

बाबा औषधाची बाटली घेऊन आले. बस स्टँडवर मी त्यांना सगळं सांगितलं, कॅसेटीचं आणि पत्त्यांचं. ते ऐकत होते. सरांना शिव्या देतील असं वाटलं, मला त्या हव्याही होत्या. पण त्यांनी एवढंच विचारलं, "अन् पाळीवर तुले काय दिसलं होतं?"

"काहीच नाई बाबा," मी म्हणाले. "सर पाहून राहिले होते, म्हणून म्हनलं."

बाबांनी औषधाची बाटली पिशवीत ठेवली.

"मंग मले काहून नाई सांगतलं?" ते म्हणाले. "मी तं तुह्या बाजूलेच उभा होतो."