लिव्हरबरोबर आलेली किडनी

मुरबाडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरला मोठ्या डॉक्टरांच्या समितीने फसवलं, आणि त्या फसवणुकीचा माल माझ्या पोटात आहे. उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली.

माझा शहापूरला गवताचा धंदा. डोंगरातलं गवत घ्यायचं, गाठी बांधायच्या, तबेल्यांना विकायचं. वखार मी स्वतः उभी केली. बापाकडून मला फक्त आवाज मिळाला. लिव्हर गेलं तेव्हा गावाने दारू म्हणून ठरवून टाकलं. मी थेंबही घेतलेला नाही, पण खुलासा करायला लागलो की लोक वास घ्यायला जवळ येत.

लिव्हरमागोमाग दोन्ही किडन्यांनी काम सोडलं आणि मी कल्याणला डायलिसिसवर गेलो. शेजारच्या खाटेवर हा मुरबाडचा मास्तर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. किडनीच्या रांगेत तो माझ्या कितीतरी आधीपासून उभा.

मग एका मृत माणसाच्या घरच्यांनी मोठं मन करून त्याचे अवयव दिले. लिव्हर मला मिळालं. एक किडनी रांगेतल्या पहिल्याला गेली. दुसरी मास्तरची होती. पण नियम असा, की ज्याला लिव्हर मिळतं त्याची किडनीही गेली असेल, तर ती त्यालाच द्यायची. मास्तरला बोलावून घेतलं होतं, त्याला परत पाठवलं. किडनी मला बसली.

बरा झाल्यावर मी त्याला भेटायला मुरबाडला गेलो. ओटीवर बसला होता. त्याच्या बायकोने मला चहा दिला, त्याला मोजून दोन घोट पाणी. म्हणाला, "शेठ, मी रांगेत उभा होतो. तुमी खिडकीतून लिव्हरचा रुमाल टाकला न् सीट धरली."

मी हसलो. तोही हसला. बायको हसली नाही.

वर्षभराने किडनीच्या तपासणीत माझं क्रिएटिनिन इतकं चांगलं आलं की डॉक्टरांनी स्कॅन केला. कुठली किडनी किती काम करते ते त्यात दिसतं. नवी काम करत होती. पण मेल्या म्हणून जाहीर झालेल्या माझ्या जुन्या दोघी उठून बसल्या होत्या, आणि निम्म्याहून जास्त काम त्याच ओढत होत्या. डॉक्टर खूश. इतका उत्तम निकाल, माझी केस परिषदेत मांडणार म्हणाले.

मी विचारलं, मग जुन्या मेल्या कुठे होत्या? तर म्हणे, लिव्हर खराब असलं की कधीकधी किडन्या नुसत्या झोपतात. नवं लिव्हर बसलं की काही जाग्या होतात, काही होत नाहीत. आधी खात्रीने सांगता येत नाही.

गवत घेताना मी गंजीत खांद्यापर्यंत हात घालतो. बाहेरून कोरडं आणि आत पाणी मारलेलं, असला माल पुष्कळ पाहिलाय. म्हणून विचारलं, "आत हात घालून बघितलंत का?"

डॉक्टर म्हणाले, तसं बघायला किडनीत सुई घालावी लागते, आणि तेव्हा माझं रक्त गोठत नव्हतं. सुईनेच गेलो असतो. हे मला पटलं. पटलं म्हणून राग आणखी चढला.

मग मी सौदा मांडला. आधी नुसतं लिव्हर द्यायचं. काही महिने थांबायचं. किडन्या उठल्या तर उत्तम, नाही उठल्या तर त्या माणसाला किडनीच्या रांगेत पुढे घ्यायचं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काही देशांत अशी सोय आहे." म्हणजे यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, मग माझी नवी काढा आणि मास्तरला लावा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. बसवलेली किडनी अशी काढून देत नाहीत म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मागच्या महिन्यात मास्तरच्या हाताची डायलिसिसची नस बंद पडली. आता मानेत नळी आहे. ती किती दिवस टिकेल हे कोणी सांगत नाही. स्कॅनचं मी त्याला सांगून टाकलं होतं. मी फोन केला तर मलाच विचारतो, "तुमच्या तिघी कशा हायत?"

बऱ्या आहेत म्हणालो. दुसरं काय सांगणार?

नियम करणाऱ्या समितीला माझं सांगणं आहे. तुमच्यापैकी एकाने मुरबाडला यायचं, मास्तरच्या ओटीवर बसायचं, आणि त्याच्या बायकोकडे बघून सांगायचं की दुसरी सोय माहीत असताना हा माणूस कोणाच्या सहीने रांगेतून मागे ढकलला. मी तिथे हजर असेन. कोण येताय, बोला.