सासूबाईंच्या जबड्याचं वळण

गल्लीत त्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. वहिनी दातांच्या कवळ्या करतात. दवाखान्याच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिथे खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर मेण वितळवायचा दिवा, प्लॅस्टर कालवायची रबरी वाटी, आणि वरच्या फळीवर ओळीने मांडलेले निम्म्या गल्लीचे जबडे. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केलेली: पाववाला, खालचा. पोस्टातल्या बाई, वरचा. एखादा माणूस रस्त्यात कितीही ऐटीत बोलू लागला, तरी वहिनींना त्याचा प्लॅस्टरचा जबडा आठवतो आणि हसू दाबावं लागतं.

ह्या धंद्यात एक पंचाईत आहे, ती म्हणजे वाट बघणं. प्लॅस्टर एकदा ओतलं की ते घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. दुसरी कुणी असती तर तिने तेवढ्यात विणकाम केलं असतं, नाहीतर शेजारणीची उणीदुणी काढली असती. वहिनींनी उरलेल्या प्लॅस्टरचे छोटे छोटे ठोकळे पाडले आणि गंमत म्हणून एकामागे एक उभे केले. पहिल्याला टिचकी मारली. सगळे सळसळत आडवे झाले. झालं, त्या दिवसापासून ही बाई कामातून गेली.

ठोकळे उभे करून पाडणं हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. बोटं जाड असतात, श्वास जोरात सुटतो, आणि बाही नेमकी नको तिथे लागते. म्हणून वहिनींनी एकेक हत्यार बनवलं. कवळीवालीची हत्यारं असल्यामुळे ती सगळी हिरडीच्या रंगाची झाली. एक गुलाबी फणी आहे, तिच्या खाचांत ठोकळे ठेवले की ते आपोआप सारख्या अंतरावर उभे राहतात, मग फणी हळूच मागे ओढायची. गुलाबी थांबे आहेत, ते रांगेत मध्येमध्ये घालून ठेवायचे, म्हणजे चुकून धक्का लागला तरी सगळं मुसळ केरात जात नाही. शिवाय लांब चिमटा, आणि दवाखान्यातला वाकड्या दांड्याचा छोटा आरसा, कपाटामागे डोकं घालता येत नाही म्हणून. धूळ उडवायला एक रबरी फुगाही होता. तो एकदा नवऱ्याने कान साफ करायला नेला, आणि परत आणून दिला तेव्हा वहिनींनी तो घेतला नाही.

खरी अडचण वळणाची होती. सरळ रांग काय, कुणीही लावेल. वळणावर ठोकळे फाकतात, एखादा भलत्याच बाजूला कलंडतो, आणि पुढचे सगळे तसेच ताटकळत उभे राहतात, बोलावणं न आलेल्या नातेवाइकांसारखे. ह्यावर तोडगा म्हणून वहिनींनी एक अर्धगोल पन्हळ करायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना कड, मध्ये ठोकळा उभा राहील एवढी खाच. रांग एका टोकाने आत शिरणार, वळून दुसऱ्या टोकाने बाहेर पडणार. पन्हळ ओतायची तर साचा हवा, आणि साचे फळीवर तयारच होते. पाववाल्याचा जबडा फार पसरट निघाला, त्यात रांग भरकटली. पोस्टातल्या बाईंचा इतका टोकदार की ठोकळे कोपऱ्यातच अडले. डॉक्टरांचाही त्यांना न सांगता वापरून पाहिला. तो डावीकडे जरा तिरका आहे, हे वहिनींनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. शेवटी एकच साचा उरला, सासूबाईंचा खालचा. त्याच्यावर ओतलेल्या पन्हळीतून पहिल्याच टिचकीला रांग अशी काही वळली की वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सगळे ठोकळे त्या खाचेच्याच मापाचे पाडले, एकही अडकू नये म्हणून पन्हळ आतून घासून चांगली सैल केली, आणि ती कुणाच्या जबड्यावर ओतली आहे हे घरात बोलायचं नाही असं पक्कं ठरवलं.

कारण सासूबाई. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट सैल वाटायची. खुर्चीचा पाय सैल, नळाची चावी सैल, मुलाची वागणूक सैल. आणि सगळ्यांत सैल म्हणजे सुनेने केलेली खालची कवळी. वहिनींनी ती तीनदा नव्याने केली. तिसरी इतकी नेमकी बसली की काढताना डॉक्टरांना पाय भिंतीला टेकवावा लागला. सासूबाई डॉक्टरांसमोर "बरी आहे" म्हणाल्या आणि घराच्या पायरीवर पाऊल ठेवताच म्हणाल्या, "सैलच आहे." तेव्हापासून कवळी ओट्यावरच्या वाटीत पाण्यात पडून असायची, आणि सासूबाई तिच्याकडे बघत मऊ अन्न गिळायच्या. पाहुणे आले तरच तिला बाहेर काढायच्या, तेही उपकार केल्यासारखं.

"म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं," नवरा म्हणायचा. तो बस चालवतो, त्याला मागून कितीही आरडाओरडा झाला तरी पुढे बघायची सवय आहे.

वहिनींना मात्र ते लागायचं. सगळी गल्ली त्यांच्या हातचे दात लावून कडकडा चावत होती, आणि घरातच हा दिव्याखाली अंधार. त्यांना सासूबाईंकडून दुसरं काही नको होतं, कौतुकही नको होतं. एकदा, फक्त एकदा, चारचौघांत त्यांच्या तोंडून "घट्ट आहे" एवढं ऐकायचं होतं. दातांच्या कण्या करून झाल्या होत्या, तरी ते दोन शब्द काही बाहेर पडत नव्हते.

सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आला तेव्हा वहिनींनी बेत केला. स्वयंपाकघरातून ठोकळ्यांची रांग निघणार, बाहेरच्या खोलीत येऊन कपाटामागे वळणार, आणि थेट सासूबाईंच्या खुर्चीपाशी जाणार. शेवटचा ठोकळा एक गोटी ढकलणार, आणि गोटी सायकलच्या घंटेवर पडणार. घंटा वाजली की सासूबाई खूश होणार, आणि खुशीत माणूस खरं बोलून जातो. त्या नादात कवळीचा विषय काढायचा. बेत कागदावर तरी चोख होता.

त्या दिवशी नवऱ्याने सुट्टी काढली होती. वहिनी खुर्चीपाशी पालथ्या पडून घंटेची जागा जमवत होत्या. तिथून उठलं तर पदराने निम्मी रांग गेली असती.

"अहो," त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "ओट्यावर वाटीत वळण ठेवलंय, तेवढं कपाटामागे लावा आणि ठोकळे भरा. खाच वर येऊ दे."

"गुलाबी आहे ते ना?"

"माझ्याकडे दुसऱ्या रंगाचं काही आहे का?"

चूक इथे झाली, आणि ती कवळीवालीच करू शकते अशी होती. कवळी कोरडी पडली तर वाकते, म्हणून त्या धंद्यातली माणसं गुलाबी वस्तू दिसली की पाण्यात टाकतात. वहिनींनीही आदल्या दिवशी पन्हळ धुतली आणि सवयीने पाण्याच्या वाटीत घालून ओट्यावर ठेवून दिली. शेजारच्या वाटीत काय आहे ते त्यांना दिसलं नाही. दिवसभर कवळ्या बघणाऱ्या माणसाला आणखी एक कवळी दिसत नाही. आणि नवऱ्याने चष्मा लावला नाही, कारण त्याच्या मते चष्मा लांबचं बघायला असतो आणि वाटी तर हाताशीच होती.

"काय मस्त बसतायत गं आज," कपाटाजवळून त्याचा आवाज आला. "एक ठोकळा हलत नाही."

"मग, केलंय कुणी," वहिनी म्हणाल्या. त्यांना खरोखर बरं वाटलं. सगळे थांबे काढून झाल्यावर त्यांनी आरसा घालून कपाटामागचं पाहिलं. गुलाबी वळण, त्यात ताठ उभे ठोकळे. सगळं जिथल्या तिथे होतं.

संध्याकाळी नणंद आली, डॉक्टर आले, पाववाला स्वतः केक घेऊन आला. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, काठी टेकत खुर्चीत येऊन बसल्या आणि गप्प राहिल्या. नणंदेने विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" त्यांनी नुसती मान हलवली. पाववाल्याने केकचा तुकडा पुढे केला, त्यांनी हातानेच नको म्हटलं. खुर्चीचा पाय करकरला तरी त्या काही बोलल्या नाहीत. एवढा वेळ कशालाच सैल न म्हणणाऱ्या सासूबाईंना वहिनी पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी तो शुभशकुन मानला.

स्वयंपाकघरात जाऊन वहिनींनी पहिल्या ठोकळ्याला टिचकी मारली. रांग सळसळत निघाली. उंबऱ्यावरून उतरली, टेबलाखालून गेली, पाववाल्याच्या बुटांशेजारून कपाटामागे शिरली. आणि आवाज थांबला.

सगळे कपाटाच्या दुसऱ्या बाजूकडे बघत राहिले. तिकडून काहीच बाहेर येईना. खुर्चीपर्यंतचे ठोकळे होते तसे उभे.

"अडलं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

वहिनी धावत कपाटापाशी आल्या. त्या गुडघ्यांवर बसल्या, आरसा आत घातला. वळणापर्यंतचे ठोकळे पडले होते, वळणातला एकही पडला नव्हता. त्यांनी चिमट्याने एकाला ढकललं. हललाही नाही. मग चिमट्यात धरून वर ओढला, तर त्याच्याबरोबर सगळं वळणच उचलून बाहेर आलं. एका ठोकळ्याला लटकलेलं गुलाबी वळण, वर ठोकळ्यांची रांग आणि खाली दातांची.

नणंदेने पुढे वाकून पाहिलं.

"आईची कवळी ती," नणंद म्हणाली.

"केक कापायला सुरी बघतो," नवरा म्हणाला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. केक केव्हाच कापून झाला होता.

वहिनींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रांग अडली होती, वाढदिवसाचा विचका झाला होता, आणि ज्या तोंडून दोन शब्द ऐकायचे होते त्याच तोंडचे दात सगळ्यांसमोर चिमट्याला लोंबत होते. आता सासूबाई जे बोलणार ते जन्मभर पुरेल, हे त्यांना कळून चुकलं.

सासूबाईंनी तोंडासमोर रुमाल धरला, तोंडातून काहीतरी काढलं आणि पुढे केलं. ती पन्हळ होती.

"मग हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ते वळण आहे, आई. ठोकळ्यांचं."

"दुपारपासून तोंडात धरून बसलेय. म्हटलं, वाढदिवसाची नवी कवळी केलीस आणि गडबडीत दात बसवायचे राहिले. बोलले असते तर पाहुण्यांच्या अंगावर पडली असती." त्यांनी पन्हळ उलटसुलट करून पाहिली. "पण ठोकळ्यांचं वळण माझ्या तोंडात जातंच कसं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमच्या जबड्यावर ओतलंय," वहिनी म्हणाल्या. "मी सगळ्यांचे जबडे लावून पाहिले, आई. असं सुरेख वळण गल्लीत कुणाचंच नाही. डॉक्टरांचंसुद्धा नाही."

डॉक्टरांचा हात आपोआप हनुवटीवर गेला. सासूबाईंनी त्यांच्याकडे जरा वरून पाहिलं.

"आण ती इकडे," त्या म्हणाल्या.

वहिनींनी कवळी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी एक ठोकळा धरून ओढला, निघेना. नणंदेने ओढून पाहिला. पाववाल्याने दोन्ही हातांनी ओढला, त्याच्या बोटांना रोज कणीक मळायची सवय, तरी त्याचं काही चालेना. सुरी घेऊन परत आलेल्या नवऱ्यालाही कामाला लावलं, तो कानापर्यंत लाल झाला. सगळ्यांचं करून झाल्यावर कवळी परत सासूबाईंकडे आली. त्यांनी एका हातात ती धरली आणि दुसऱ्या हातात पन्हळ. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या.

"हिला म्हणतात सैल," त्यांनी पन्हळ वर केली. मग कवळीकडे पाहून, जिवावर येऊन कबुली द्यावी तसं म्हणाल्या, "ही घट्ट आहे."

 वहिनींची दातखीळच बसली होती. त्या तिथेच जमिनीवर बसून राहिल्या, आणि नवऱ्याने पाहिलं तर बाई रडतही होती आणि हसतही होती.

"रडतेस काय," सासूबाई म्हणाल्या. "पुढचे कोण पाडणार?" आणि त्यांनी बसल्या जागेवरून काठी लांब केली, कपाटाच्या अलीकडे उभ्या असलेल्या पहिल्या ठोकळ्याला टेकवली. रांग निघाली, सळसळत खुर्चीपाशी आली. गोटी घरंगळली आणि घंटा वाजली. पाववाल्याने टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंनी घंटेवर कान दिला.

"हिचा स्क्रू मात्र सैल आहे," त्या म्हणाल्या.

वहिनींनी डोळे पुसले, चिमटा घेतला आणि स्क्रू आवळला.