पंगतीचा फोटो

हरसूलच्या पुढे एका पाड्यावर मी सात वर्षं शिक्षिका होते. रोज नाशिकहून जायचे. शाळेत पोचलं की आधी फोटो: हजेरीचा, हात धुण्याचा, मग दुपारी पोषण आहाराच्या पंगतीचा. ग्रुपवर टाकला की काम झालं. मोबाइल भरला की शनिवारी सगळे पुसून टाकायचे. त्यातला एकही मी कधी नीट पाहिला नाही.

दुसरीतली एक मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षबागेच्या कामाला गेली आणि तिकडेच तापाने गेली. महिन्याभराने तिची आई शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. पाड्यावर सगळ्यांनाच तू म्हणतात.

"बाई, पोरीचा एक फोटू दे ना. आमच्याकडं नाय. तू तर रोज काढायचीस."

"देते की," मी म्हणाले. मला खरंच वाटलं, शंभर तरी असतील.

रविवारचा अख्खा दिवस शोधलं. मोबाइलमध्ये काही नव्हतं. ग्रुपवरचे जुने फोटो उघडेनात. सोमवारी मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरमध्ये पंगतीचा एक सापडला. बारा मुलं, माना खाली घालून जेवताहेत. ताटं स्वच्छ दिसत होती, खिचडी दिसत होती. चेहरा एकाचाही नाही. कडेला तिच्यासारख्याच लाल रिबिनी बांधलेली एक मुलगी. तिचा भांग, कपाळाचा तुकडा, घास धरलेला हात.

नाशिकच्या स्टुडिओवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, यात चेहराच नाही. म्हणत असाल तर बनवून देतो. हसरा करतो."

मी नको म्हणाले. होतं तेवढंच मोठं करून घेतलं.

आईने तो दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघितला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हीच ना, बाई?"

लाल रिबिनी वर्गात तिघी बांधायच्या. दीड वर्ष ती माझ्यासमोर बसली होती, आणि चेहरा आठवायला गेले तर काहीच येईना.

"हो," मी म्हणाले. "हीच."

पुढच्या जूनमध्ये धाकटीचं नाव घालायला मी त्यांच्या घरी गेले. भिंतीवर तो फोटो होता, हार घातलेला. चहा होईपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून बसले.