एकच डाव दहा वेळा

सहावा डाव अर्ध्यावर आला तेव्हा सुलभा कांबळे खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "पाटणकर, हा डाव आपण सकाळी बघितलाय."

कोलशेतच्या आमच्या कंपनीत दोन पीसी शेजारी ठेवले होते. एकावर माझा बुद्धिबळाचा प्रोग्राम, दुसऱ्यावर तिचा. एकाची चाल स्क्रीनवर बघायची, दुसऱ्यात टाईप करायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरगुती कॉम्प्युटरबरोबर बुद्धिबळ द्यायचं असं कारखानीस साहेबांनी ठरवलं होतं. दहा डावांत जिंकेल तो प्रोग्राम बाजारात जाणार. हरणाऱ्याने परत पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरला लागायचं. सुलभाला त्या कामातून सुटायचं होतं. डोंबिवलीची गाडी रोज सोडून, ऑफिसनंतर थांबून तिने तो प्रोग्राम लिहिला होता.

तिचा प्रोग्राम पहिल्या चालीपासून स्वतः विचार करायचा. माझ्याकडे ओपनिंग बुक होतं. म्हणजे सुरुवातीच्या चालींची तयार फाईल: समोरून हे आलं तर ते खेळ. फाईल संपेपर्यंत प्रोग्राम नुसतं पाठांतर म्हणतो. विचार नंतर सुरू होतो.

तिचा प्रोग्राम चारच चाली पुढचं बघायचा आणि फुकटचं प्यादं दिसलं की घ्यायचा. माझ्या बुकात तिच्या वजिरासाठी असंच एक प्यादं मोकळं सोडलेलं होतं. ते घेतलं की वजीर पुढे कोंडला जायचा, पण ते तिच्या प्रोग्रामला दिसायच्या पलीकडे होतं. माझ्याकडे काळी मोहरी असली की दुसरा सापळा. शिवाय तीच पोझिशन आली की दोन्ही प्रोग्राम दरवेळी तीच चाल खेळायचे.

"हे सहा डाव नाहीत साहेब, दोनच आहेत," सुलभा म्हणाली. "एक पांढऱ्याकडून, एक काळ्याकडून. बाकी झेरॉक्स."

साहेब हसले. "अगं, पण सहाही वेळा फसला ना तुझा वजीर?"

"फसला. पण त्याला पाटणकरांनी फसवलं, त्यांच्या प्रोग्रामने नाही. एकदा बुक काढून खेळवा की."

"काय पाटणकर?"

तिची फ्लॉपी टेस्टिंगसाठी माझ्याकडेच होती. वजीर कुठे जातो ते बघूनच मी बुक भरलं होतं. मी म्हणालो, "नियम आधीच ठरलेत, साहेब."

दहा-शून्य. सुलभा पगारपत्रकांवर गेली.

मला मात्र चैन पडेना. बुक नसतं तर काय झालं असतं? जेवणाच्या सुट्टीत मी वेगवेगळ्या, दोघांना सारख्याच सोप्या सुरुवाती हाताने मांडल्या. प्रत्येक सुरुवात बाजू बदलून दोनदा खेळवली. बहुतेक डाव तिच्या प्रोग्रामने मारले. तो शेवटी प्यादं पुढे रेटायचा. माझा प्रोग्राम हत्ती इकडून तिकडे नाचवत बसायचा. आयता वजीर मिळाला नाही तर त्याला काही सुचतच नव्हतं.

मी कोणाला सांगितलं नाही.

मग ठाण्याला डेमो झाला. कल्याणच्या एका रिटायर्ड मास्तरांनी पहिल्याच चालीला कडेचं प्यादं ढकललं. ते बुकात नव्हतंच. थोड्याच वेळात डाव जिंकून मास्तर म्हणाले, "अहो, ह्याला शिकवलंय कोणी?"

परतताना गाडीत मी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विचार तिच्या प्रोग्रामचा, बुक तुमचं. जोडा. आणि तिला तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. सुलभा म्हणाली, "जोडते. पण आधी ते वजिराचं प्यादं काढा बुकातून. गिऱ्हाईक प्रत्येक डाव तसाच खेळणार आहे का?"

प्रोग्राम बरा खपला. खोक्यावर नाव माझ्या एकट्याचं छापलं गेलं, आणि मी ते बदलून घेतलं नाही. त्यातला विचार करणारा सगळा भाग सुलभा कांबळेंचा होता. दहा-शून्य हा निकालही कोणी अजून सांगत असेल तर तो खोडावा.

दोन प्रोग्रामांची ताकद बघायची असेल तर दोघांना तीच सुरुवात द्या, बाजू बदला, आणि सुरुवाती भरपूर घ्या. नाहीतर बुक कोणी भरलं एवढंच कळतं.