लिलावातली लोखंडी काठी

अकोल्याच्या कचेरीत मी नवा अंमलदार होतो, तेव्हाची गोष्ट. कागदांवर सह्या करता करता आमच्या साहेबाने एकदा विचारलं, "गोल्फ खेळायला येतोस का?" मी गोल्फ कुंपणाबाहेरूनच पाहिला होता, तरी लगेच हो म्हणालो. बाकीच्या काठ्या साहेब देणार होता. पण चेंडू शेवटी भोकात ढकलायची जी काठी असते, जिला पटर म्हणतात, ती ज्याची त्याने निवडावी असा त्याचा आग्रह होता.

त्या मैदानावर आपल्याकडची माणसं जात ती चेंडू वेचायला. मी पाहुणा म्हणून जाणार होतो. तिथे मी साहेबलोकांतलाच दिसावं, एवढी एकच हाव मला होती.

विलायतेला परत निघालेल्या एका अधिकाऱ्याच्या सामानाचा अमरावतीच्या कॅम्पात लिलाव होता. रजा काढून गेलो. आमची भाजीची वाडी अमरावतीलगतच, म्हणून बाबाही बरोबर निघाले. येऊ नका म्हणायचं धाडस झालं नाही. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत, नखांत वांग्याच्या वाफ्यातली माती. मी मात्र बूट घातले होते, आणि चालताना त्यांच्या दोन पावलं पुढे राहत होतो.

खुर्च्या-दिव्यांच्या पसाऱ्यात दोन पटर होत्या. एकीचं डोकं पितळेचं, झगझगीत. दुसरी बुटकी, लोखंडी, मधोमध घासलेली. माझा हात पितळेकडे गेला. बाबांनी लोखंडी उचलली, डोळे मिटले आणि काठी हळूच जमिनीला टेकवली. मग वाकून तिचं पातं जमिनीवर सपाट बसलं की नाही ते पाहिलं. नवं पावडं घेताना ते असंच करत.

"हे घे," ते मोठ्याने म्हणाले. "हे पाह्य, एकाच जागी घासलं हाये. ज्याचं होतं त्याचा हात सरळ होता."

"बाबा, हे पावडं नाही."

"मंग? दांडा हाये, पातं हाये. पितळेचे भांडे घरी कमी हायेत का?"

कोपऱ्यातले दोन कारकून हसले. मी पितळी पटर घेतली. लोखंडी कोणीच मागितली नाही, तेव्हा लिलाव पुकारणाऱ्याने ती बाबांच्या हातात तशीच दिली. ती खांद्यावर टाकून ते माझ्या मागोमाग घरी आले.

पी हळद नि हो गोरी, अशातली माझी तऱ्हा. काळ्या मातीत हिरवळ टिकत नाही म्हणून मैदानावर भोकाभोवती रेती पसरून तेल शिंपडलेलं असे. त्या रेतीवर मी पहिल्याच रविवारी चेंडू गावभर फिरवला. पितळेचं डोकं जड, दांडा लांब. भोक मधे, आणि मी कधी या काठावर, कधी त्या काठावर. साहेब हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता आभाळाकडे बघत उभा राहिला.

पुढच्या शनिवारी वाडीवर गेलो. बाबा वाफ्यांना पाणी देत होते. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "खोपीत टांगली हाये. जवसाचं तेल पाजून सावलीत वायवली. हात सरकणार नाही आता."

"तुमाले कसं मालूम मी येईन म्हणून?" माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"त्यात काय मालूम व्हाचं हाये? पितळ होतं ते."

मग त्यांनी मला दोन सऱ्यांच्या मधल्या कोरड्या पट्टीत उभं केलं आणि पायाशी एक गळालेलं लिंबू ठेवलं. "मनगट हालवू नको. खांद्यातून येऊ दे. पाण्याचं तोंड बदलतो तसं, हळू." संध्याकाळपर्यंत मी लिंबं ढकलत होतो. जन्मात गोल्फ न पाहिलेला माणूस मला गोल्फ शिकवत होता, आणि मला रागही येत नव्हता. निघताना त्यांनी विचारलं, "साहेब काई बोलला काठीबद्दल, तर सांगजो."

रविवारी पंधरा पावलांवरून चेंडू रेतीवरून सरळ गेला आणि भोकात पडला. साहेबाने काठी मागून घेतली, उलटीसुलटी केली, मधल्या झिजलेल्या जागेवर अंगठा फिरवला.

"निवड जाणकाराची आहे. कोणी निवडली?"

भोवती तिघे-चौघे उभे होते, पांढऱ्या विजारीतले. माझे वडील भाजी पिकवतात, त्यांनी निवडली, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "लिलावात मिळाली."

वाडीवर गेलो तेव्हा बाबा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बोलला का साहेब?"

"नाही," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं, तर तू काय म्हणालास, असं त्यांनी विचारलं असतं.

"नाही बोलला?" त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पुढची जुडी घेतली. "जाऊ दे. त्याले हत्यारातलं समजत नसंन."

ती काठी अजून माझ्याकडे आहे. येणाराजाणारा हातात घेतो, तेव्हा त्याने विचारायच्या आधीच मी सांगतो की ही माझ्या वडिलांनी निवडली, ते भाजी पिकवत. बाबांना मात्र ते कधी ऐकायला मिळालं नाही.